डावा आरसा

नरडाण्याला सूतगिरणीच्या मागे,
गाठी उतरतात त्या मैदानात,
उन्हं कलली की गुलाबचाचा पिंजारी
जुने टायर रचायचा, चार इकडे, चार तिकडे.
डावीकडच्यांना चुना फासायचा.
म्हणायचा, हे तुझं दार. यातून मागे जा.

दहा चाकं माझ्या हुकमातली,
बारा स्वतःच्या मनाची.

मी छोटा हत्ती चालवलेला माणूस,
दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीची पोती घेऊन
बोळातून मागच्या मागे सटकणारा.
वाटलं, मागे म्हणजे मागेच ना.
स्टेअरिंग डावीकडे, तर ढुंगण उजवीकडे.
उजवीकडे, तर डावीकडे.
रुसलेल्या व्याह्यासारखं,
बसा म्हटलं की उठणारं.

वेस्ता पावरा मागे उभा, हातात फडकं,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे,
आणि त्याचं 'थांब' कायम हातभर उशिरा.
पहिल्या दिवशी मी दार चिरडलं.
दुसऱ्या दिवशी घोडा आणि ट्रेलर
अडकित्त्यासारखे मिटले,
मधली सुपारी मी.
हमालांनी बिड्या पेटवल्या, निवांत बसले.
काट्यावरचा मुकादम खिडकीतून ओरडला,
'भो, हाई गाडी शे का सारंगखेडाना पायना?'

चाचा हसला नाही.
पायरीवर चढून त्यानं माझे हात उचलले
आणि स्टेअरिंगच्या तळाशी ठेवले,
घड्याळात सहा असतात तिथे.
'आता जिकडे हात, तिकडे ढुंगण. डोक्याला विचारू नको.
आणि चिमूटभर वळव. पसाभर नको.
माझा बाप तात वाजवायचा.
जोरात मारली की कापूस तुटतो.'
आणि रोज, रोज हेच:
'शंका आली की उतर. जाऊन बघ.
उतरायची लाज वाटते त्याला भिंत शिकवते.'

इतका उतरलो की चपलेचा अंगठा तुटला.
तोही उतरायचा. प्रत्येक वेळी,
ट्रेलरच्या डाव्या अंगाला तळवा लावत
शेपटापर्यंत चालत जायचा,
म्हैस विकत घेणाऱ्यासारखा.
मला वाटायचं, काय शिस्त आहे माणसाला.

मग धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, रात्री दोनला,
अरुंद फाटक, डावीकडे विहिरीचा कठडा,
चाचानं इंजिन चालू ठेवून जागा सोडली.
'तू घे.'
माझी छाती फुगली. खोटं कशाला सांगू.

तो क्लीनरच्या सीटवर बसला.
'डाव्या आरशात काय दिसतं?'
कठडा. बल्ब. वेस्ता.
'फडकं कोणत्या हातात?'
उजव्या.
'रंग?'
लाल असावं. मळलंय.

बराच वेळ नुसतं इंजिन बोललं.
'मला बल्ब दिसतो,' तो म्हणाला.
'तोही पिठासारखा सांडलेला. दोन दिवाळ्या झाल्या.
मार्चमध्ये लायसन संपतं.
तोवर शिकून घे.'

काय बोलायचं असतं अशा वेळी, मला येत नाही.
मी रिव्हर्स टाकला.
हात सहावर. चिमूटभर. थांब. चिमूटभर.
ट्रेलर वळायला लागला की त्याच्या मागे जायचं,
रागावून निघालेल्या माणसामागे जातात तसं,
न बोलता, फार जवळ न जाता.
कठडा आरशात मोठा झाला, मोठा झाला,
मग सरकला.
एकदा पुढे घेतली. दोनदा उतरलो.
दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा विहिरीतून गार वास आला
आणि गुडघे थोडे हलले.

वेस्ता या खेपेला वेळेवर ओरडला.

'धक्का किती राहिला?' चाचानं विचारलं.
वीतभर.
तो उतरला, हात लावत मागे गेला,
अंधारात बोटांनी मोजून आला.
'वीत आणि वर चार बोटं,' म्हणाला.
'अजून घे.'